हेल्मेटवरच्या स्टिकरचा चिकटा कसा काढावा? (मॅट काळं शेल, काचेवरही गोंद)

घाटवाट_१५०
एबीएस प्लास्टिकच्या शेलचं (म्हणजे बाहेरच्या कवचाचं) मॅट काळं फुलफेस हेल्मेट आहे. तीन ठिकाणी चिकटा आहे. मागच्या बाजूला किमतीचं कागदी लेबल होतं, त्याचा वरचा कागद फाटून निघाला आणि खालचा पांढरा थर गोंदासकट बसलाय. हनुवटीवर अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचं माउंट होतं. प्लास्टिक निघालं, पण फोम टेप तशीच आहे. काचेच्या वरच्या कडेला एका स्टिकरची चिकट पट्टी राहिलीये, धूळ बसून ती काळी पडलीये. गॅरेजवाले पेट्रोल सांगतात. घरात नेलपॉलिश रिमूव्हर आणि सॅनिटायझर आहे. यातलं काय चालेल? आणि मागचं आयएसआयचं स्टिकरही काढून टाकलं तर चालतं का?

चोक_ओढा
रॉकेल मिळालं तर बघा, पेट्रोलपेक्षा सौम्य. कापसाचा बोळा फिरवायचा, दोन मिनिटांत साफ. टाकीवरचे स्टिकर असेच काढतात की.

शेल_आणि_थर्माकोल
टाकी पत्र्याची असते, वर भट्टीतला रंग. हेल्मेटचं तसं नाही, त्यामुळे रॉकेलही नको.

एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचं शेल वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून बनवतात. थंड होताना त्यात ताण अडकून राहतो, विशेषतः कडांना, हवेच्या व्हेंटच्या भोकांपाशी आणि काचेच्या स्क्रूभोवती. तिथे पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन लागलं की ते प्लास्टिकच्या आत शिरतं आणि तो ताण केसाएवढ्या भेगांमधून मोकळा होतो. वर रंग असेल तर भेगा दिसतही नाहीत. रॉकेलचा तोटा वेगळा आहे: ते पटकन उडून जात नाही, म्हणजे पेट्रोलपेक्षा जास्त वेळ बसून राहतं.

दुसरा धोका आतला. धक्का झेलतो तो आतला थर्माकोल, आणि तो पेट्रोल किंवा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो. बोळा जरा ओला असला की ओघळ खालच्या रबरी पट्टीमागे जातो. बाहेरून सगळं चकाचक दिसतं आणि आत कडेचा थर्माकोल खाल्लेला असतो.

रिमूव्हरच्या बाटलीवर ‘अ‍ॅसिटोन नाही’ असं लिहिलं असलं तरी त्यात बहुधा एथिल अ‍ॅसिटेट असतं, तेही एबीएसला खातं. डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायचा स्प्रे पारदर्शक पॉलिकार्बोनेटवर वापरू नका, असं त्याचे उत्पादकच सांगतात. संत्र्याच्या वासाचे ‘नैसर्गिक’ गोंद-काढे तर थर्माकोलचे खास शत्रू. त्यांतलं लिमोनिन थर्माकोल अक्षरशः वितळवतं. निलगिरी तेल आणि टर्पेंटाइन याच वळणाचे, तेही नकोत.

आता लेबल. आधी आतली पॅडिंग काढा, जवळचा व्हेंट आणि खालची रबरी कड कागदी मास्किंग टेपने झाका. हेअर ड्रायर मंद गरमवर ठेवून १५ ते २० सेंटीमीटरवरून २०-३० सेकंद हलवत धरा. मोजमाप एकच: त्या जागी तळहात टेकवून ठेवता आला पाहिजे. चटका बसला तर थांबा, कारण ८० अंशांच्या आसपास थर्माकोल मऊ पडून आकार सोडायला लागतो. हीट गनचं तर नावच काढू नका, तिची हवा काहीशे अंशांची असते. उन्हाळ्यात ड्रायरही लागत नाही, काळं हेल्मेट गच्चीत पंधरा मिनिटं पुरतं.

गरम झालं की जुन्या सिमकार्डाची किंवा एटीएम कार्डाची कड अगदी आडवी धरून लेबलाखाली सरकवा आणि सुटलेला भाग स्वतःवरच उलटा दुमडून सावकाश ओढा. सरळ वर ओढला की कागद फाटतो आणि गोंद खाली राहतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

राहिलेल्या पांढऱ्या कागदाला आधी कोमट पाणी द्या, तेल नंतर. ओल्या टिश्यूची घडी दहा मिनिटं ठेवली की कागद बोटाने चोळून निघतो. मग उघड्या पडलेल्या गोंदाला खोबरेल किंवा साधं गोडेतेल, चार-पाच थेंब, टिश्यूवर घेऊन १५-२० मिनिटं ठेवून द्या. तेल गोंदात मुरून त्याची पकड सैल करतं. शेवटी एक मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे तीन-चार थेंब, मऊ फडकं, मग साधं पाणी. घासणी, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही नाही.

मॅट_फिनिश
वरच्यात एक भर घालतो: मॅटवर तेलाच्या आधी चिकटपट्टी वापरून बघा. ताजी, रुंद सेलोटेप गोंदावर दाबून बसवायची आणि झटक्यात उचलायची. गोंदाला गोंद चांगला धरतो, त्यामुळे जुना थर टेपबरोबर उठून येतो. टेप मळली की नवा तुकडा घ्यायचा. किमतीच्या लेबलांचा गोंद ताजा असेल तर एवढ्यातच काम होतं. उन्हात वाळून कडक, पिवळा झालेला मात्र टेपला दाद देत नाही, त्याला तेलच लागतं.

मॅटवर जोर लावायचा नाही. त्याचा मंदपणा वरच्या बारीक खडबडीत थरामुळे असतो; तो थर घासून सपाट झाला की तिथे चकाकी येते आणि ती परत जात नाही. पॉलिश, वॅक्स, डॅशबोर्डचा स्प्रे, सगळं वर्ज्य.

फोम टेप नखाने उकरत बसलात तर दिवस जाईल. वर लिहिलंय तसं कोमट करा आणि तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा धागा, फोम आणि शेलच्या मधे घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढा. दाताचा फ्लॉसही चालतो, फक्त लवकर तुटतो. ब्लेड किंवा कटर नको. फोम कापला गेला की उरलेला पातळ थर अंगठ्याने एकाच दिशेने रेटायचा, त्याच्या रबरासारख्या वळ्या होऊन निघतात. या टेपचा गोंद अ‍ॅक्रिलिकचा असतो, तेलाने फार सुटत नाही. इथे अंगठाच कामाचा.

काच_बदलू
काचेवर तेलापेक्षा भिजवणं बरं. काच हेल्मेटवरून काढा, आत पिनलॉकची (धुकं अडवणारी, वेगळी बसवलेली) पट्टी असेल तर तीही काढा. बादलीत कोमट पाणी, थोडा लिक्विड साबण, काच पूर्ण बुडवून अर्धा तास. मग पाण्यातच बोटाच्या पेराने गोंद गोल गोल चोळा. फडकं नको, कारण गोंदात अडकलेली धूळ फडक्याखाली सॅन्डपेपरचं काम करते. तरी राहिलाच तर पेरावर तेलाचा एक थेंब, फक्त गोंदावर, आणि लगेच साबणाने धुऊन टाका. टिपून कोरडी करा, पुसू नका.

काच पॉलिकार्बोनेटची असते, वर ओरखडे न पडण्यासाठी पातळ थर. काही काचांना आतून धुकं न धरणारा थरही असतो, तो आणखी नाजूक. काचा पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया असेल तर तो हेल्मेटच्या काचेला चालत नाही. सॅनिटायझरही काचेला नको, त्यातल्या ग्लिसरीन आणि सुगंधाचे डाग तर पडतातच. दुकानातून काळी फिल्म चिकटवून घेतलेली काच असेल तर मात्र फार झटू नका. फिल्मबरोबर वरचा थर सोलला गेला की रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटलेले दिसतात. बहुतेक देशी हेल्मेटांची नवी काच काहीशे रुपयांत मिळते.

कलम_१२९
आयएसआयचं स्टिकर काढू नका. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएस ४१५१ या भारतीय मानकाप्रमाणे आणि आयएसआय चिन्हासह असणं बंधनकारक आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येही मानकाला धरून असलेलंच हेल्मेट अपेक्षित आहे. नियमभंगाला कलम १९४डी खाली १,००० रुपये दंड आणि तीन महिने वाहन चालवायच्या लायसन्ससाठी अपात्र, अशी तरतूद आहे. रस्त्यावर अडवलं तर दाखवायला तेच चिन्ह असतं. त्यावरचा सीएम/एल ने सुरू होणारा उत्पादकाचा लायसन्स क्रमांक बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा-खोटा पाहता येतो. कड सुटली असेल तर फेव्हिक्विकसारख्या झटपट गोंदाने चिकटवू नका, तो गोंदही प्लास्टिकला बाधतो.

घाटवाट_१५०
कागद, फोम, काच, तिन्ही निघालं. आता दोन प्रश्न. लेबलाच्या जागी चौकोन उरलाय, आजूबाजूपेक्षा गडद. आणि तेल लावलं तिथे मॅटवर ओलसर डाग दिसतोय, दोनदा धुऊनही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू का? मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतंय.

शेल_आणि_थर्माकोल
ओलसर डाग म्हणजे खडबडीत थरात अडकलेलं तेल. अल्कोहोलची घाई नको. लिक्विड साबणाचा एक थेंब पाणी न घालता डागावर पसरा, पाच मिनिटं ठेवा, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने अलगद फिरवा, मग भरपूर पाणी. पूर्ण वाळल्याशिवाय निकाल लावू नका, ओलं मॅट गडदच दिसतं. एवढ्यावर गेलं नाही तरच अल्कोहोल, तेही शेलवर रंगाचा थर असेल तर; नुसतं उघडं प्लास्टिक असेल तर नाही. आधी मागे खाली, मानेजवळ नखाएवढ्या जागेवर तपासा. बोळा ओघळेल इतका ओला नको, दहा सेकंद टेकवा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. बोळ्यावर काळा रंग आला तर तिथेच थांबा. हेल्मेटबरोबरच्या पुस्तिकेत फक्त साबण-पाणी लिहिलं असेल तर अल्कोहोलचा विषय बंद.

मॅट_फिनिश
गडद चौकोन गोंदाचा नाही. लेबलाखालचा रंग उन्हापासून वाचला, बाकीचा फिकटला. ग्लॉसी हेल्मेट असतं तर बारीक पॉलिशने फरक कमी करता आला असता. मॅटवर त्याला उपाय नाही, ठेवायचा तसाच. हेल्मेट वापरात राहिलं की उन्हाने तोही हळूहळू फिकटतो.

चोक_ओढा
आणि रॉकेल किंवा पेट्रोल आधीच लावून झालं असेल तर? कसं ओळखायचं?

शेल_आणि_थर्माकोल
पॅडिंग काढून, रबरी कड जिथून सुटते तिथे किंचित बाजूला करून थर्माकोलची धार बघा. खड्डे, चिकटपणा, दाणे वितळून गुळगुळीत झालेली जागा दिसली तर हेल्मेट बाद. शेल तिरप्या उजेडात धरा: जाळीसारख्या बारीक रेघा, पांढुरकी छटा, बोटाला मऊ लागणारा रंग, यांतलं काहीही असेल तरी बाद. काहीच दिसलं नाही तर शेलची खात्री मिळत नाही, कारण रंगाखालच्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत. ओझरता हात फिरवून लगेच धुतलं असेल तर एक वेळ ठीक. बोळा घेऊन दहा मिनिटं घासलं असेल तर मी ते हेल्मेट बदलायलाच सांगेन, आणि टाकताना पट्टा कापून टाका, म्हणजे दुसरं कोणी ते उचलून घालणार नाही.