'सीमास्तराची उंची': मोजलेली की काढलेली?

प्रश्न
एका हवामान अहवालाचं मराठी करतेय. हवामानाच्या संगणकी मॉडेलमधल्या सीमास्तराच्या उंचीची संभाजीनगरच्या चिकलठाण्याहून सोडलेल्या हवामान-फुग्याच्या नोंदींशी तुलना आहे. मी लिहिलं, 'मॉडेलने अंदाजलेली आणि फुग्याने मोजलेली सीमास्तराची उंची'. परभणीच्या काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "सीमा म्हंजे शीव. आभाळात कुणाची शीव आली?" दुसरा शब्द आहे का?

उत्तर
ताई, काकांचं बरोबर आहे, फक्त शीव वर नाही, खाली आहे. लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०४ मध्ये ही कल्पना मांडली, ती पृष्ठभागाला खेटून वाहणाऱ्या द्रवाच्या किंवा वायूच्या पातळ थराबद्दल. हवामानात तो पृष्ठभाग म्हणजे आपली जमीन. शब्द रूढ आहे, तो राहू द्या; पहिल्यांदा येतो तिथे 'जमीन तापली-निवली की तासाभरात ज्याला कळतं तो हवेचा थर' एवढं जोडा. 'मिश्रस्तर', म्हणजे घुसळून एकजीव झालेला थर, हा दुसरा शब्द मात्र सगळीकडे चालणार नाही. तो दुपारचा. एप्रिल-मे महिन्यांत नांगरटीवर वावटळी उठतात तेव्हा ऊन खालची हवा रवीसारखी घुसळत असतं आणि थर दोन-तीन किलोमीटरांपर्यंत चढू शकतो. डिसेंबरात पहाटे उसाच्या फडातला पाचटाचा धूर कडुलिंबाच्या शेंड्याएवढा चढतो आणि तिथून आडवा पसरतो. तिथे घुसळण जवळजवळ नसते, सीमास्तर मात्र असतोच.

माझा खरा आक्षेप 'मोजलेली'ला आहे. फुग्याखालचं यंत्र तापमान, आर्द्रता, दाब, वारा यांच्या नोंदी पाठवतं. थराची उंची त्यात कुठेच नसते, ती आपण काढतो. एक रीत अशी: जमिनीजवळची हवा मनानेच वर न्यायची आणि ती भोवतालच्या हवेइतकीच गरम कुठे ठरते ते पाहायचं. दुसरी रिचर्डसन अंकाची: वर चढायला होणारा अडथळा आणि वाऱ्यातला फरक यांचं गुणोत्तर ०.२५ च्या वर गेलं की थर संपला. एकाच फुग्यावरून या दोन रीती वेगवेगळ्या उंच्या देऊ शकतात. मग मॉडेल चुकलं असं कशाच्या आधारावर म्हणायचं? 'मोजलेली' लिहिलंत की वाचक फुग्याला साक्षीदार मानतो. म्हणून 'फुग्याच्या नोंदींवरून काढलेली' लिहा आणि रीतही सांगा. दोन्हीकडे एकच रीत नसेल तर ती तुलना मला मान्य नाही.

पुरवणी
'उंची'सुद्धा उघडी ठेवू नका. फुग्याच्या तक्त्यात ती समुद्रसपाटीपासून असते, मॉडेल बहुधा जमिनीपासून देतं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५८० मीटरवर आहे. पहाटेचा थर दोनशे मीटरचा असला तर हा घोटाळा थराच्या जवळपास तिप्पट होतो. शिवाय फुगा मिनिटाला तीनेकशे मीटर चढतो, म्हणजे पहाटेचा थर मिनिटभरात मागे पडतो आणि नोंद त्या घडीपुरतीच उरते. म्हणून वेळाही लिहा: नोंदी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या. भर दुपारची उंची फुग्याकडे मागू नये.

प्रश्नकर्ती
'अंदाजलेली'ही काढतेय. हवामानात 'अंदाज' म्हटलं की माणूस उद्याच्या पावसाचंच विचारतो. आता वाक्य असं: 'मॉडेलने गणिताने काढलेली आणि फुग्याच्या नोंदींवरून त्याच रीतीने काढलेली सीमास्तराची जमिनीपासूनची उंची'. लांबलं खरं, पण काकांना कळलं.