‘चलनवाढ’, ‘भाववाढ’ आणि ‘महागाई’ : अर्थ व वापर

प्रश्न : पदवीच्या पहिल्या वर्षाचे समग्रलक्षी अर्थशास्त्र मराठीतून अभ्यासताना ‘चलनवाढ’, ‘भाववाढ’, ‘चलनफुगवटा’ आणि ‘महागाई’ हे शब्द एकाच संकल्पनेसाठी (किमतींची सर्वसाधारण पातळी वाढत जाणे, म्हणजे ‘इन्फ्लेशन’), कधी कधी तर एकाच प्रकरणात, वापरलेले आढळतात. ते समानार्थी मानावेत का, आणि उत्तरपत्रिकेत कोणता लिहावा? शिवाय ‘चलनवाढ कमी झाली’ आणि ‘चलनघट झाली’ या दोन वाक्यांत नेमका फरक काय?

प्रतिसाद १ : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गुण बहुधा तिथेच जातात. चलनवाढ मोजली जाते ती दराने. ती किमतींची पातळी नव्हे. किंमत निर्देशांक (किमतींची सर्वसाधारण पातळी दाखवणारा आकडा) पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या वर्षी ११० आणि तिसऱ्या वर्षी ११४.४ असेल, तर चलनवाढीचा दर दुसऱ्या वर्षी १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ४ टक्के येतो. दर निम्म्याहूनही खाली आला, पण वस्तू स्वस्त झाल्या नाहीत. त्या आणखी महागच झाल्या, फक्त महाग होण्याचा वेग मंदावला. चौथ्या वर्षी निर्देशांक ११२ वर उतरला, तर दर सुमारे उणे २.१ टक्के होईल, आणि चलनघट म्हणायचे ते याला. अमेरिकेत १९२९ ते १९३३ या काळात ग्राहक किमती सुमारे एक चतुर्थांशाने उतरल्या, ती चलनघट होती. १९८० नंतरच्या तीन-चार वर्षांत तेथील दर दोन अंकांवरून ४ टक्क्यांच्या आसपास आला, ती मात्र केवळ चलनवाढीतील घट.

‘महागाई’ हा शब्द या हिशेबात नीट बसत नाही. आपल्या मिळकतीच्या मानाने किमती चढ्या आहेत, ही जाणीव त्यातून व्यक्त होते. त्यामुळे दर शून्यावर आला तरी ‘महागाई आहे’ असे म्हणता येते. उलट किमती आणि मजुरी दोन्ही १० टक्क्यांनी वाढल्या, तर चलनवाढ १० टक्के असूनही महागाई जाणवेलच असे नाही. निबंधात तो शब्द चालेल, व्याख्येत नको.

प्रतिसाद २ : वरील विवेचन मान्य आहे, परंतु ‘चलनवाढ’ या शब्दालाच माझी हरकत आहे. तो परिणामाच्या नावातच कारण गृहीत धरतो, म्हणजे भाव वाढतात ते चलन वाढल्यामुळेच, असे विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून वाटू लागते. जर्मनीच्या १९२३ च्या अनुभवाला तो शब्द चपखल लागू पडतो, कारण तेथे सरकारी खर्च भागवण्यासाठी नोटा छापल्या जात होत्या आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. पण १९७३-७४ मध्ये खनिज तेलाची किंमत जवळपास चौपट झाली, तेव्हा धक्का पुरवठ्याच्या बाजूने आला होता. याउलट २००८ नंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने निर्माण केलेला मूळ पैसा (नोटा-नाणी आणि बँकांच्या तिच्याकडील ठेवी) काही पटींनी वाढला, तरी पुढील दशकभर भाव फारसे भडकले नाहीत. म्हणून ‘भाववाढ’ हा शब्द निःपक्षपाती ठरतो.

प्रतिसाद ३ : ‘भाववाढ’ निःपक्षपाती आहे हे खरे, पण तो सैलही आहे. एकट्या साखरेचे भाव वाढले तरी आपण भाववाढच म्हणतो; शास्त्राला मात्र सर्वसाधारण भावपातळीत काही काळ सातत्याने होणारी वाढ अभिप्रेत असते. म्हणून भाववाढ लिहायचेच असेल, तर व्याख्येत ‘सर्वसाधारण’ आणि ‘सातत्याने’ हे दोन शब्द गाळू नयेत. ‘चलनवाढ’विषयी म्हणाल, तर ‘इन्फ्लेशन’ या शब्दाचाही एकोणिसाव्या शतकातील रोख चलनाच्या फुगवट्याकडेच होता; किमतींचा अर्थ त्याला पुढे चिकटला. ‘चलनफुगवटा’ हा त्या जुन्या अर्थाशी इमान राखणारा शब्द, पण तो आता मागे पडत चालला आहे. ‘सूर्योदय’ म्हणणारा माणूस पृथ्वी स्थिर मानतो असे कोणी समजत नाही. रूढ संज्ञेचा विग्रह करून तिच्यावर खटला भरण्यात अर्थ नाही.

प्रश्नकर्ता : मग चलनाचे प्रमाण खरोखरच वाढते, तेव्हा काय लिहावे? भावपातळी चलनाच्या प्रमाणावर ठरते असे सांगणाऱ्या द्रव्याच्या परिमाण सिद्धांतात मला नेमकी हीच अडचण येते.

प्रतिसाद १ : तेथे ‘चलनपुरवठ्यातील वाढ’ असे पूर्ण लिहावे. चलनपुरवठा गुणिले चलनवेग (ठरावीक काळात चलन सरासरी किती वेळा हातोहात फिरते) बरोबर भावपातळी गुणिले उत्पादन, हे समीकरण घ्या. चलनवेग स्थिर राहिला, चलनपुरवठा ८ टक्क्यांनी आणि उत्पादन ३ टक्क्यांनी वाढले, तर भावपातळी सुमारे ५ टक्क्यांनी वाढेल. यातील ८ टक्के ही चलनपुरवठ्यातील वाढ आणि ५ टक्के ही चलनवाढ. दोन्हींना एकच शब्द योजला, तर ‘चलनवाढीमुळे चलनवाढ होते’ असे वाक्य तयार होते, आणि तपासनिसाने त्यातून काय समजून घ्यायचे? प्रतिसाद २ मधील हरकत मला याच ठिकाणी सर्वांत रास्त वाटते. या प्रकरणापुरते ‘भाववाढ’ वापरले, तर घोटाळा उद्भवतच नाही. मात्र एकदा निवडलेली संज्ञा उत्तराच्या मध्यावर बदलू नये, आणि बदलावीच लागली तर दोन्ही एकाच अर्थाने घेतल्याचे व्याख्येतच नोंदवावे.