दोर पंपरूममध्ये आहे

ग्रुप: सोसायटी, चिपळूण (फक्त महत्त्वाचे निरोप)
शुक्रवार, ९ जानेवारी २०२६

वैशाली, बी-३०२ (रात्री ९.४०): मिलिंदभाऊ, ओंकारने आत्ता जेवताना सांगितलं की सांदणला दोराने ४५ फूट खाली उतरायचंय. तुम्ही ग्रुपवर 'सोपी चाल, सहकुटुंब' लिहिलं होतंत. मी वर जाऊन परत वाचलं. त्यात दोर हा शब्दच नाही.

मिलिंद सेक्रेटरी: वहिनी, सांदण दरी म्हटलं की दोर आलाच. ते गृहीत असतं.

वैशाली, बी-३०२: कोणी धरायचं गृहीत? मी पोळ्या लाटताना?

नाना, ए-१०१: दोर आपल्याकडे आहे. पंपरूममध्ये. १०० फुटी. भाडं वाचेल.

स्मिता, ए-२०३: दोराचं राहू दे. २६ तारखेला झेंडावंदन आहे. सेक्रेटरी आणि खजिनदार दोघंही दरीत. झेंड्याची दोरी कोण ओढणार?

बाबल, सी-१०२: नानांचो दोर आसा मगे 😄

मिलिंद सेक्रेटरी: परत एकदा लिहितो, कृपया सर्वांनी वाचावे. शुक्रवार २३ ला दिवा गाडी, मग कल्याण, तिथून कसारा लोकल. कसाऱ्याहून जीप घोटी-शेंडी करत साम्रदला. शनिवारी मुक्काम गावात, पिठलं-भाकरी. रविवारी सकाळी दरीत शिरायचं, रात्री खालच्या तोंडाशी तंबू. सोमवारी डेहणे गाव, मग आसनगाव स्टेशन. डोई ३४००. त्यात दोर, हार्नेस, हेल्मेट, वाटाड्या सगळं आलं.

बाबल, सी-१०२: साम्रद घाटावर, अकोले तालुको. डेहणे शहापुरात, म्हणजे कोकण. घाटार चढान परत कोकणातच उतरतलास, तर गेलास कित्याक?

स्मिता, ए-२०३: गेल्या वर्षीच्या रतनगडचे ६४० रुपये शिल्लक होते. ते या ३४०० मध्ये धरलेत का? सहज विचारते.

मिलिंद सेक्रेटरी: ताई, तुम्ही सहज कधीच विचारत नाही. हिशोब नोटीस बोर्डावर महिनाभर होता.

स्मिता, ए-२०३: बोर्डावर माझ्या स्कूटीचा फोटो होता. हिशोब नव्हता.

शैलाकाकू, ए-३०१: 🙏 शुभ रात्री. ज्याचे मन शांत त्याचे घर प्रशांत 🙏

तुषार, सी-४०१: मी दोनदा उतरलोय, म्हणून लिहितो. वैशालीताई, विचारलंत ते बरं केलंत. सुरुवातीला दरी इतकी अरुंद आहे की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. मग पाणी. जानेवारीत कमरेपर्यंत तरी धरा. ऊन तिथे पोचतच नाही, त्यामुळे पाय टाकल्यावर पहिली दोन मिनिटं तोंडातून शब्द फुटत नाही. सॅक डोक्यावर, मोबाइल दुधाच्या पिशवीत. पुढे रिक्षाएवढे धोंडे, तेही नीट बसलेले नाहीत. चालणं कमी, बसून घसरणंच जास्त. जुन्या पँटी आणा. खाली उतरलात की डावीकडे-उजवीकडे कुठे पळवाट नाही, आणि मोबाइलला रेंज मिळेल ही आशा सोडा.

तुषार, सी-४०१: मुख्य गोष्ट राहिली. पहिला टप्पा सगळे उतरले की दोर खाली ओढून घेतात, कारण पुढच्या टप्प्यांना तोच लागतो. दोर ओढला की वरची वाट संपली. 'मला जमत नाही, मी परत जातो' हे त्याच्या आधी म्हणायचं.

नाना, ए-१०१: दोन दोर असले तर एक वर ठेवता येईल. आपला पंपरूममध्ये आहे. १०० फुटी.

वैशाली, बी-३०२: हे मिलिंदभाऊंनी नाव घेतानाच सांगायला हवं होतं. ओंकार सतरा वर्षांचा आहे, तो उडी मारूनही उतरेल. पण यादीत सगळेच सतरा वर्षांचे नाहीत.

सावंतकाका, बी-१०४: हे माझ्याकडे बघून लिहिताय का?

वैशाली, बी-३०२: काका, मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

सावंतकाका, बी-१०४: घेतलं नाहीत त्यावरूनच कळलं.

(शैलाकाकू, ए-३०१ यांनी हा मेसेज डिलीट केला आहे)

स्मिता, ए-२०३: काकू, आम्ही वाचला 😄

तुषार, सी-४०१: काका, राग मानू नका. तुम्ही गुडघ्याला पट्टा लावून गणपतीची आरती खुर्चीत बसून करता, हे सगळ्यांनी पाहिलंय. तुम्ही साम्रदपर्यंत या. पहिल्या पाण्यापर्यंत दरी बघा, तिथून परत फिरा. जीपने कसाऱ्याकडून आसनगावला या, तिथे भेटू.

सावंतकाका, बी-१०४: म्हणजे सामान राखायला.

सावंतकाका, बी-१०४: २२ जुलै २०२१ ला पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला होतं. तळमजल्यावरच्या दोन म्हाताऱ्या माणसांना कमरेला दोर बांधून मी वर आणलं. तेव्हा माझे गुडघे कोणी विचारले नव्हते. अर्थात तेव्हा ग्रुपला रेंज नव्हती.

नाना, ए-१०१: त्याच दोराने. तो पंपरूममध्ये आहे.

(दहा मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही.)

तुषार, सी-४०१: नाना, तो दोर पुराच्या चिखलात भिजला, सुकला, साडेचार वर्षं तसाच पडलाय. त्यावर माणूस सोडत नाहीत. उतरायचा दोर वेगळा असतो, फार न ताणणारा. कधी घेतला, किती वापरला, याची नोंद ठेवतात. काका, त्या दिवशी तुम्ही होतात म्हणून निभावलं, हे मी मान्य करतो. पण तेव्हा वर ओढायला आठ जण होते. दरीत धोंड्यावर गुडघा अडकला तर तुम्हाला उचलून डेहण्यापर्यंत न्यायचं, तेही बाकीच्यांनी आपला तोल सांभाळत.

सावंतकाका, बी-१०४: बरं.

शैलाकाकू, ए-३०१: मी जीपमध्ये काकांबरोबर आहे. मलाही उतरायचं नाहीच आहे. फक्त अत्तर आणू का? प्रवासात वास येतो.

तुषार, सी-४०१: काकू, जीपमध्ये चालेल. दरीत शिरणाऱ्यांनी अत्तर, डिओ काही नको. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. धूरही करायचा नाही.

मिलिंद सेक्रेटरी: वहिनी, 'सोपी' हा शब्द माझा चुकला. उद्या नवीन यादी टाकतो, गुडघे, दमा, बीपी असे रकाने करून. कोणी लपवू नका.

स्मिता, ए-२०३: आणि ६४० चा रकाना.

नाना, ए-१०१: पंपरूममधल्या दोराचं कोणी मनावर घेत नाही. निदान बघून तरी या. १०० फुटी आहे.

ओंकार, बी-३०२: नाना, मी जाऊन फोटो टाकतो.

वैशाली, बी-३०२: रात्री? चप्पल घालून जा.

शैलाकाकू, ए-३०१: पाणी गेलं का? साबण लावून उभी आहे.

स्मिता, ए-२०३: आमच्याकडेही नाही. सेक्रेटरी???

ओंकार, बी-३०२: सॉरी काकू, अंधारात चुकीचं बटण दाबलं गेलं. चालू करतो. नाना, दोर सापडला. पण १०० फुटी नाही. कोणीतरी कपडे वाळत घालायला तुकडे कापून नेलेत. मोठ्यात मोठा तुकडा माझ्या उंचीचा आहे.

नाना, ए-१०१: कोणी नेले??

(शैलाकाकू, ए-३०१ टाइप करत आहेत...)