शब्दचर्चा: ‘नाकारता आली नाही’ म्हणजे ‘स्वीकारली’ का?

तळटीप
संख्याशास्त्राच्या पहिल्या परीक्षेची नमुना उत्तरं मराठीत आणताना शेवटच्या ओळीवर गाडी अडली आहे. गणित सरळ आहे. नमुना २५ चा, सरासरी ५२, नमुन्याचं प्रमाण विचलन (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) १०. तपासायचं ते ‘समष्टीची (ज्यातून नमुना घेतला त्या सगळ्या गटाची) सरासरी ५०’; हीच शून्य परिकल्पना, म्हणजे चाचणीला लावलेलं विधान. प्रमाण त्रुटी (नमुन्यागणिक सरासरी साधारण किती हलते ते) १० ÷ √२५ = २, म्हणून टी (फरक किती त्रुटींएवढा ते) = (५२ − ५०) ÷ २ = १. स्वातंत्र्यमात्रा (नमुन्यापेक्षा एक कमी) २४, पातळी (खरी परिकल्पना चुकून नाकारण्याची मुभा) ५ टक्के, चाचणी द्विपुच्छ (दोन्ही बाजूंचा फरक बघणारी), तक्त्यातलं मूल्य २.०६४; चिन्ह सोडून टी त्याहून मोठा आला तरच नाकारायचं. आपला १ त्याहून लहान. निष्कर्ष लिहिला: ‘शून्य परिकल्पना नाकारता आली नाही.’ तपासणाऱ्यांनी खोडून ‘शून्य परिकल्पना स्वीकारली’ केलं. दोन नकारांचा होकारच होतो, मग हा द्राविडी प्राणायाम कशाला, असं त्यांचं म्हणणं. कोणाचं बरोबर?

अर्धमात्रा
तुमचं. मुळात त्यात दोन नकार नाहीतच. ‘नाकारता येणं’ ही क्षमता आहे आणि ‘नाही’ त्या क्षमतेला लागलंय. ‘कुलूप उघडता आलं नाही’ यावरून आत काही आहे की नाही ते कुठे कळतं?
हवं तर आकड्यांनी बघा. तोच नमुना घ्या आणि ५० च्या जागी ४९ ठेवा: टी = १.५. ५१ ठेवा: ०.५. ५५ ठेवा: −१.५. एकही नाकारता येत नाही. ‘स्वीकारली’ म्हणायचं तर एकाच समष्टीच्या चार वेगवेगळ्या सरासऱ्या तुम्ही एका दमात स्वीकारल्या!

वेलांटी
इतकं सोपं नाही हो. ‘स्वीकारणे’ हा शब्द कुणा आळशी भाषांतरकाराने घुसडलेला नाही. नेमन आणि पिअरसन या संख्याशास्त्रज्ञांच्या १९३३ च्या मांडणीत चाचणी म्हणजे दोन कृतींमधली निवड. तिथे स्वीकारणं म्हणजे ‘ती खरी आहे असं धरून पुढे वागणं’. खरी मानणं वेगळं, धरून चालणं वेगळं; मराठीत हा फरक छान दाखवता येतो.
पण त्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या चुकीचा (खोटी परिकल्पना नाकारायची राहून जाण्याचा) हिशेब आधी हवा. वरच्या उदाहरणात खरी सरासरी ५३ असेल, तरी २५ च्या नमुन्यावर ही चाचणी दहातल्या साधारण सात वेळा फरक पकडू शकणार नाही. एवढ्या मोठ्या जाळीच्या चाळणीवर ‘स्वीकारली’ लिहिणं धाडसाचं.

पायमोड
वर्तमानपत्रांत ‘पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’ छापतात, तसंच झालं हे. पुराव्याअभावी सुटणं आणि निर्दोष असणं एकाच ओळीत कोंबायचं.

मोडीप्रेमी
तुम्ही सगळे ‘शून्य’ मुकाट्याने गिळलंत! ‘समष्टीची सरासरी ५०’ यात शून्य कुठे आहे? संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी १९३५ मध्ये ही संज्ञा मांडली ती ‘रद्द ठरवायला उभी केलेली’ या अर्थी. ‘निराकरणीय परिकल्पना’ हाच नेमका शब्द. ‘शून्य’ वाचून विद्यार्थी म्यू (समष्टीची सरासरी) बरोबर ० लिहितात आणि पहिल्याच पायरीला गुण गमावतात.

कंस
‘निराकरणीय’ पेपरात सहा वेळा लिहून दाखवा, मग बोलू. पाठ्यपुस्तकात, शिकवणीत, फळ्यावर सगळीकडे ‘शून्य परिकल्पना’च आहे आणि तिच्या ‘एच’ या चिन्हाखाली ० लिहिलेलंच असतं. ते शून्य ‘फरक शून्य’चं असं समजा, झालं.
माझा राग ‘गृहीतक’वर आहे. काहीजण ‘शून्य गृहीतक’ लिहितात. मग ‘निरीक्षणं परस्परांपासून स्वतंत्र आहेत’, ‘समष्टी साधारण प्रसामान्य (घंटेच्या आकारात पसरलेली) आहे’ यांना काय म्हणायचं? ती खरी गृहीतकं. ती तपासाआधी धरायची, परिकल्पना तपासायची. दोन्हीला एकच शब्द वापरला की ‘गृहीतकं लिहा’ या प्रश्नाखाली मुलं परिकल्पना उतरवून मोकळी होतात.

मोडीप्रेमी
इथे सहमत. बाकी वापर म्हणजे प्रमाण नव्हे.

अर्धमात्रा
‘प्रमाण’ शब्द काढलात ते बरं केलंत. त्याचे तीन अर्थ एका पानावर येतात: पुरावा, ठरलेलं माप आणि हिस्सा. ‘प्रमाणाची प्रमाण त्रुटी काढा’ हे वाक्य परीक्षेत खरंच पडू शकतं. ६०० जणांपैकी २४० होकार, प्रमाण ०.४, त्रुटी √(०.४ × ०.६ ÷ ६००) = ०.०२, ९५ टक्के विश्वास अंतराल (खऱ्या प्रमाणाचा अंदाज देणारा पट्टा) ०.४ ± १.९६ × ०.०२, म्हणजे ०.३६ ते ०.४४. आणि इथला नेहमीचा खड्डा: अंतरालासाठी नमुन्यातलं ०.४ घालायचं, पण ‘प्रमाण ०.५ आहे’ ही परिकल्पना तपासताना वर्गमुळाखाली ०.५ × ०.५ घालायचं, कारण ती खरी धरूनच त्रुटी मोजतोय.

वेलांटी
‘त्रुटी’ही चुकीच्या वाटेला नेते. कोणाचीच चूक नसते तिथे. नमुना बदलला की सरासरी किती हलेल, एवढंच ते सांगतं. ‘नमुनाडोल’ म्हणा! (हे गमतीत. कृपया उत्तरपत्रिकेत लिहू नका.)

पायमोड
अवांतर: ‘अनुमान’ = अनु + मान, म्हणजे मोजल्यानंतरचं. नमुना मोजा, मग समष्टीबद्दल बोला. संख्याशास्त्र शब्दातच बसलंय!

मोडीप्रेमी
‘मा’ धातू मोजण्याचा आहे, पण न्यायशास्त्रातलं अनुमान व्याप्तीवर उभं असतं: जिथे धूर तिथे अग्नी, अपवाद नाही. इथे तर अपवाद किती ते आधीच ५ टक्के म्हणून ठरवतात. बोलीतला ‘अनुमानधपका’ जास्त जवळचा.

वेलांटी
धपका कशाला? किती वेळा चुकेल ते आधी सांगून मारलेला धपका हा धपका राहत नाही.

कंस
मग ‘विश्वास अंतराल’मधला ‘विश्वास’ही घ्या चर्चेला. वरच्या पहिल्या उदाहरणात ५२ ± २.०६४ × २, म्हणजे ४७.८७ ते ५६.१३. ‘खरी सरासरी या दोन आकड्यांत असण्याची संभाव्यता ९५ टक्के’ असं लिहिलं की गुण गेले. सरासरी स्थिर आहे, अंतराल बदलतं. असे खूप नमुने घेऊन दर वेळी अंतराल काढलं, तर शंभरातली साधारण ९५ खऱ्या सरासरीला कवेत घेतील. विश्वास रीतीवर, या एका जोडीवर नाही. आणि तळटीप, ५० या अंतरालात बसतोय, म्हणून तर तो नाकारता आला नाही.

पायमोड
परिकल्पना नाकारता आली की त्या फरकाला ‘सार्थक’ म्हणायचं की ‘लक्षणीय’, तेही होऊन जाऊ दे. ‘लक्षणीय फरक’ म्हटलं की वाचकाला मोठा फरक दिसतो. नमुना १०,००० चा, विचलन १०, तर त्रुटी ०.१. मग ०.३ चा किरकोळ फरकसुद्धा झेड (मोठ्या नमुन्यात टीच्या जागी येतो तो) = ३ देतो आणि तक्त्यातलं १.९६ सहज ओलांडतो.

मोडीप्रेमी
‘सार्थक’ काय कमी फसवं आहे? त्या ०.३ ने कोणाच्या जन्माचं सार्थक होणार?

अर्धमात्रा
‘योगायोगापलीकडचा’ म्हणा.

कंस
ते तर सगळ्यात वाईट. त्यावरून मुलं पी-मूल्याची व्याख्या ‘निकाल योगायोग असण्याची संभाव्यता’ अशी लिहितात. पी-मूल्य म्हणजे शून्य परिकल्पना खरी धरली, तर मिळाला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची संभाव्यता. त्यातला ‘धरली, तर’ गाळला की व्याख्या गेली.

मोडीप्रेमी
निराकरणीय परिकल्पना.

तळटीप
मंडळी, छपाईला जायचंय. ‘नाकारता आली नाही’ ठेवू ना?

वेलांटी
ठेवा, पण पुढे ‘५ टक्के पातळीवर’ आणि ‘सरासरी ५० पेक्षा वेगळी असल्याचा पुरेसा पुरावा या नमुन्यात नाही’ हे जोडा. नुसतं अर्धं वाक्य लिहिलं तर संदर्भाचा गुण कापतात.

पायमोड
‘पुरावा’ की ‘दाखला’?