युकॉन नदी, व्हाइटहॉर्स ते डॉसन: दोघांत एक कनू, १६ दिवस पुरतील का?

वल्हेकरी
जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझा मित्र कॅनडात युकॉन नदीवर उतरणार आहोत. १७ फुटी एकच कनू (वल्ह्यांनी चालणारी अरुंद, उघडी होडी), सोबत गाइड नाही, नदीवर घालवायला १६ दिवस. व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी ७१५ किमीच्या आसपास होतं, वाटेतल्या कार्मॅक्स गावालाच थांबलं तर साधारण ३२०. संथ पाण्यात वल्हवायची दोघांनाही सवय आहे, वाहत्या नदीची नाही. डॉसन गाठायचा हट्ट धरावा का? आणि सगळे ज्याची भीती घालतात तो फाइव्ह फिंगर रॅपिड्स (खडकांमधून वेगाने खळाळणारा पट्टा) आमच्यासारख्यांना जमेल का?

उत्तरवारा
दिवस पुरतील, पण हिशोब रॅपिड्सवरून मांडू नका, लेबर्ज तलावावरून मांडा. व्हाइटहॉर्स सोडल्यावर लवकरच नदी या तलावात शिरते. लांबी सुमारे ५० किमी, प्रवाह जवळजवळ शून्य, पाणी जुलैतही बर्फासारखं. दुपारी वारा सुटला की थोड्याच वेळात लाटा कनूच्या काठावरून आत येऊ लागतात. या प्रवासात कनू उलटून जिवावर बेतण्याची खरी जागा ही आहे.

बहुतेक जण उजव्या, म्हणजे पूर्वेच्या काठाने जातात. एकदा काठ धरला की तो सोडायचा नाही. खाडीसारखं वळण आलं की समोरच्या टोकाकडे सरळ रेषेत जायचा मोह होतो, तिथेच घात होतो. वळणं काठाकाठानेच घ्या, किनारा कायम पोहून गाठता येईल इतक्या अंतरावर हवा. त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, त्याचा फायदा घ्या: पहाटे चारला निघा, वारा उठला की थांबा, संध्याकाळी पडला तर पुन्हा दोन तास मारा. वल्हवून ताशी ४-५ किमी धरले तर तलावाचे दोन दिवस. त्यावर दोन दिवस निव्वळ वाऱ्यासाठी राखून ठेवा, ते दुसरीकडे खर्च करू नका.

तलाव संपल्यावर 'थर्टी माइल'चा पट्टा लागतो. पाणी काचेसारखं स्वच्छ, तळाचे गोटे पळताना दिसतात आणि वेग एकदम वाढतो. तिथून पुढे दिवसाला ५०-६० किमी सहज होतात. कार्मॅक्सला सातव्या-आठव्या दिवशी पोचलात तर पुढे जा. दहावा उजाडला तर तिथेच थांबा. कार्मॅक्सला दुकान आहे, रस्ता आहे. पुढे मिंटोला नदी रस्त्याजवळ येते ती शेवटची, त्यानंतर थेट डॉसन. म्हणून कनू भाड्याने घेतानाच कार्मॅक्स आणि डॉसन अशा दोन्ही ठिकाणी परत करायची सोय आणि तिचे दर विचारून ठेवा.

खळाळ
फाइव्ह फिंगरबद्दल. कार्मॅक्सपासून नदीने ३५-४० किमीवर खडकांची बेटं पात्र अडवून उभी आहेत, त्यांच्यामधून पाच वाटा. तुमची वाट एकच: सगळ्यात उजवी. बेटं दिसल्यावर उजवीकडे सरकायला लागणं म्हणजे उशीर, कारण प्रवाह तुमच्यापेक्षा जोरात आहे. आधीच्या वळणापासूनच उजवा काठ धरा.

तोंडाशी पाण्याची गुळगुळीत जीभ दिसते, V आकाराची, टोक पुढे. तिच्या मधोमध घुसा, कनूचं नाक सरळ. गुडघ्यांवर बसा, बूड खाली. पुढे उभ्या लाटांची रांग लागते, पुढच्याच्या मांडीवर पाणी येईल, येऊ द्या. त्या क्षणी दोघंही वल्हं सोडून कनूच्या कडा धरतात, ही नेहमीची चूक. पाण्यात रुतलेलं वल्हंच कनूला तोल देतं.

लाटा संपल्या की सुटलो असं वाटतं आणि हात थांबतात. बऱ्याच कनू उलटतात त्या इथे. काठाशी पाणी उलटं फिरत असतं. मुख्य धार आणि ते उलटं पाणी यांच्या सीमेवर कनू आडवी गेली की एक बाजू खाली खेचली जाते. शंभर-दोनशे मीटर धारेतच सरळ वल्हवत राहा, मगच काठाला लागा. पुढे थोड्याच अंतरावर रिंक रॅपिड्स आहे, तिथेही उजवीकडून गेलं की फारसं जाणवत नाही.

उलटलातच तर: पहिलं मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचं. हातपाय नीट चालतात ते साधारण दहा मिनिटं, तेवढ्यात काठ गाठायचा. लाइफजॅकेट अंगात आणि बंद हवं. कॅनडात अशा होडीत माणशी एक लाइफजॅकेट, किमान १५ मीटरची तरंगती दोरी, पाणी उपसायचं भांडं आणि शिट्टी कायद्यानेच लागते. निघण्याआधी सामान न भरता कनू मुद्दाम उलटवून पुन्हा चढायचा सराव दोन-तीनदा करा.

वल्हेकरी
आभार. मग सामान कनूला बांधायचं की मोकळं ठेवायचं? आणि मागे कोणी बसायचं? आम्हा दोघांनाही सुकाणू सांभाळायचंय, वाद आत्ताच सुरू झालाय.

खळाळ
घट्ट बांधा. वॉटरप्रूफ पिशव्या आणि पिंप आडव्या दांड्यांना आवळले की उलटलेली कनू उंच तरंगते आणि सामान वाहून जात नाही. लोंबणारी दोरी मात्र नको, पाय अडकतो.

उत्तरवारा
तलावावर माझं मत वेगळं. बांधलेल्या सामानासकट कनू सुलटी करणं दोघांच्या आवाक्याबाहेर जातं. पण तिथे काठाजवळ राहणार असाल तर बांधलेलं चालेल. तातडीची वस्तू (सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र, आणि लायटर) दोघांनीही अंगावरच्या खिशात ठेवायची, कनूत नाही. वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलची रेंज मिळत नाही.

मागे कोण, हे वजनाने ठरवा: जड माणूस मागे, म्हणजे नाक किंचित वर राहतं. मागचा दिशा धरतो. पुढचा ताल देतो आणि पाण्याखालचे दगड-ओंडके ओरडून सांगतो. वल्ही विरुद्ध बाजूंना, अर्ध्या तासाने हाक देऊन बाजू बदलायची. जागांची अदलाबदल रोज सकाळी करा, पण चालत्या पाण्यात मागच्याचा शब्द शेवटचा. चूक असला तरी. अर्धवट डावीकडे आणि अर्धवट उजवीकडे वळवलेली कनू ओंडक्यावर आडवी जाऊन आदळते.

गोटेकाठ
मुक्कामाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. नदीतल्या बेटांचा गोट्यांचा किनारा सगळ्यात बरा: वाऱ्यामुळे डास कमी आणि अस्वलांची वर्दळही कमी. एकच धोका, रात्रीत पाणी चढतं. कनू उंचावर ओढा, पालथी करा, वल्ही तिच्याखाली, आणि दोरी झाडाला बांधा. कनू गेली तर तुम्ही त्या बेटावर अडकलात.

कोरडा शिधा माणशी रोज ७००-८०० ग्रॅम धरा, १६ दिवसांचा दोघांचा सुमारे २४ किलो. ६० लिटरच्या, कड्याने बंद होणाऱ्या दोन पिंपांत बसतो. स्वयंपाक तंबूपासून शंभर पावलांवर, पिंपं तिथेच, टूथपेस्टसुद्धा त्यातच. अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे आणि स्टोव्हचा गॅस विमानातून नेता येत नाहीत, व्हाइटहॉर्सला घ्या. स्प्रे कमरेला हवा, त्याचा पल्ला ५-१० मीटरच असतो. अस्वल अंगावर येत असताना मध्ये भिंत उभी करायला तो मारायचा. तंबूवर आधी फवारून ठेवू नका, सुकलेल्या स्प्रेचा वास अस्वलांना उलट ओढतो.

डॉसनपर्यंत गेलात तर पाण्याचा विचार करा. व्हाइट रिव्हर ही उपनदी येऊन मिळाली की नदी राखाडी होते, कनूच्या तळाला गाळ घासल्याची सतत 'स्स्स' ऐकू येते. घाबरू नका, गळती नाही. त्या पाण्याने फिल्टर तासाभरात तुंबतो. बाजूने येणाऱ्या स्वच्छ ओढ्यांवर कॅन भरून घ्या, नाहीतर बादलीत रात्रभर निवळवा, वरचं पाणी उकळा. डॉसन उजव्या काठावर आहे, गाव दिसायच्या बरंच आधी उजवीकडे या.