'फ्री अँड ओपन'ला मराठीत काय म्हणायचं?

खटपट्या: लिनक्स या संगणक प्रणालीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय. 'फ्री अँड ओपन सोर्स'पाशी गाडं अडलंय. फ्री म्हणजे मुक्त, पण ओपनही मुक्तच (मुक्त विद्यापीठ आठवा). आता काय 'मुक्त आणि मुक्त' लिहू?

मोडतोड: मोफत लिहा. लोकांना तेवढंच कळतं.

शब्दवेडी: तेच तर नको! १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरनं 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली ती वापरणाऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी. पैसे घेऊन विकायलाही मुभा आहे. इंग्रजीत 'फ्री'चे दोन अर्थ होतात, म्हणून १९९८ मध्ये काहींनी 'ओपन सोर्स' पुढे आणलं. आपल्याकडे मोफत आणि मुक्त वेगळे आहेत, मग त्यांचा घोळ आपण का उसना घ्यायचा?

मोडतोड: मी तर पैसे वाचतात म्हणूनच जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं. चाललं झकास, फक्त वायफाय दिसेना. तीन रात्री टर्मिनलसमोर. शेवटी फोन केबलनं जोडून त्याच्या नेटवर ड्रायव्हर (वायफाय चालवणारा प्रोग्राम) उतरवला. बायको म्हणाली, "फुकट मिळालं आणि तीन रात्री फुकट गेल्या."

जुनाजाणता: वहिनींनी नेमकं पकडलं! फुकट म्हणजे विनामूल्य, आणि वायाही. फारसी 'मुफ्त'वरून आलेल्या मोफतला ही छटा नाही. फुकट हे फुंकण्यावरून आलं असणार. फुंकर मारली की हातात काय उरतं?

शब्दवेडी: काका, ही व्युत्पत्ती घरचीच दिसते.

जुनाजाणता: असू दे. 'मोकळी प्रणाली' म्हणा. मोकळा हा मुक्तच्याच घरातला.

खटपट्या: मोकळी म्हटलं की रिकामी वाटते हो. मोकळा डबा.

अनुस्वार: परवा एकानं 'कॉपीराइटमुक्त' लिहिलं होतं. साफ चूक. व्यसनमुक्त म्हणजे व्यसन नसलेला. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना तर कॉपीराइटच्याच जोरावर उभा आहे. बदल करून पुढे वाटलंत तर स्रोतही (मूळ कोड) द्यावा लागतो, तो त्यामुळेच.

मोडतोड: 'मुक्त' म्हटलं की लोकांना व्याख्यान वाटतं, 'फुकट' म्हटलं की खोट शोधतात. आणि खिशातला अँड्रॉइड लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो, त्याची कुणाला भीती नाही!

जुनाजाणता: कर्नलला 'गाभा'! सुरेख.

शब्दवेडी: कर्नल रुळलाय, राहू द्या. उद्या माऊसलाही उंदीर म्हणाल.

जुनाजाणता: मग 'प्रणाली' तरी कशाला? सिस्टीमच म्हणा की.

खटपट्या: तूर्त 'मुक्त व खुली' लिहून पाठवलं. मोडतोड, तो ड्रायव्हर कुठला होता? माझंही वायफाय दिसत नाहीये.