विषय: तातडीचे – आबांचा अपघात, केसपेपरवर 'बाथरूममध्ये पडले' लिहिलंय

वैशाली (रेडिंग):

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. माझ्या वडिलांचं, आबांचं, परवा रात्री छत्रपती संभाजीनगरला डोक्याचं ऑपरेशन झालं. कवटीच्या आत रक्त साठून मेंदूवर दाब येत होता. आता शुद्धीवर आहेत.

गेवराईजवळ उसाच्या ट्रॉलीने मोटारसायकलला कट मारला, ते तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा उठून स्वतः गाडी चालवत घरी आले, गावातल्या डॉक्टरांकडून कोपराला पट्टी बांधून घेतली, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, संपलं. पोलिसात कुणी गेलं नाही. तीनेक आठवड्यांनी आई फोनवर म्हणाली, "डोकं दुखायलंय म्हणतेत, अन् एक विचारलं की भलतंच सांगायलेत." मग उजवा पाय ओढायला लागले.

अडचण अशी, की दाखल करताना काकांनी "बाथरूममध्ये पडले" असं सांगितलं. पोलिसांची कटकट नको म्हणून. ट्रॅक्टरवाला गावातलाच. तो तीस हजार देतो म्हणतोय, पण स्टँपवर 'पुढे काही मागणार नाही' असं लिहून हवंय. काका सही करायला निघालेत. मी मुखत्यारपत्र पाठवू का? अपघाताच्या भरपाईचा क्लेम आता होतो का?

—

श्रीकांत (लेस्टर):

वैशाली, आबांना लवकर बरं वाटो.

मुखत्यारपत्राचं मी लातूरच्या प्लॉटच्या वेळी केलंय. एक तर इथल्या भारतीय हायकमिशनमध्ये साक्षांकन, नाही तर इथल्या नोटरीकडून करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून इथल्या सरकारचा दाखला. आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिथं मुद्रांक भरावाच लागतो, हे कुणी सांगत नाही. माझ्या भावाने कागद कपाटात ठेवला आणि सगळं पुन्हा करावं लागलं. नमुना हवा असेल तर पाठवतो.

—

मिलिंद (स्लाव):

घाईने काही करू नका. मला मागून गाडी धडकली तेव्हा त्या दिवशी काहीच वाटलं नव्हतं, मान धरली ती दोन दिवसांनी. क्लेमला तीन वर्षं असतात, आणि दुखापत कळली त्या तारखेपासूनही मोजता येतात. तेव्हा आधी आबांना घरी येऊ द्या.

—

सुनंदा (मँचेस्टर):

मिलिंद, ते इंग्लंडचं झालं. बीडच्या कोर्टात ते चालायचं नाही, आणि वैशालीने ते ऐकलं तर नुकसान होईल, म्हणून स्पष्ट लिहिते. इथं येण्याआधी मी अंबाजोगाईला वकिली केलेली आहे.

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने क्लेमसाठी सहा महिन्यांची मुदत आणली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मोजायची ती अपघाताच्या तारखेपासून, डोकं दुखायला लागलं तेव्हापासून नव्हे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नये. तुमच्याकडे अजून वेळ आहे.

श्रीकांतदादा, मुखत्यारपत्र या क्लेमला लागतच नाही. अर्जदार आबा स्वतः. ते शुद्धीवर आहेत. पुढे बोलता-समजता आलं नाही तरच आई वादमित्र म्हणून, म्हणजे त्यांच्या वतीने, अर्ज करू शकतात. राहत्या जिल्ह्यातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज चालतो.

स्टँपवर सही अजिबात नको. ट्रॅक्टरचा विमा असेल तर मालकाच्या खिशातून जाण्याऐवजी कंपनीकडून मिळू शकतं, हे त्याला कुणीतरी बसून समजावा. गावातलं भांडण निम्मं तिथंच मिटतं. फक्त ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हींचे नंबर आणि पॉलिसी बघा. ट्रॉलीचा विमा नाही, ऊस भाड्याने वाहत होता, शेतीचं काम नव्हतं, असे मुद्दे कंपनी हमखास काढते. गंभीर दुखापतीला चूक कुणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली अडीच लाख मिळतात, पण आबांचा खर्च त्याहून जास्त असेल तर कलम १६६ खालीच जा, तिथं चूक सिद्ध करावी लागते पण भरपाई नुकसानीप्रमाणे मागता येते.

—

प्रशांत (आपल्या ईमेल यादीचा व्यवस्थापक):

सर्वांना विनंती. मागच्या जमिनीच्या धाग्यानंतर समितीने ठरवलंय की कायदेशीर सल्ला मुख्य यादीवर नको. संक्रांतीच्या हॉलचे पैसे अजून निम्म्या घरांचे आलेले नाहीत आणि त्या मेल याखाली दबतात. आबांबद्दल मलाही काळजी आहे.

—

सुनंदा:

प्रशांत, तो ठराव मालमत्तेच्या वादांपुरता होता, मी त्या बैठकीला हजर होते. इथं एक माणूस खाटेवर आहे आणि उद्या सही होणार आहे. हॉलचे पैसे मी आज भरते.

—

अनघा (बर्मिंगहॅम):

मी डॉक्टर म्हणून लिहिते. आबांचं झालं ते वयस्क माणसात नेहमी दिसतं. वयाने मेंदू थोडा आक्रसतो, कवटीलगतच्या बारीक शिरा ताणल्या जातात, मार किरकोळ असला तरी एखादी तुटते आणि रक्त थेंबाथेंबाने आठवडेच्या आठवडे साठतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखीच. म्हणून "तेव्हा तर काहीच नव्हतं" या वाक्याला अर्थ नाही.

आणि यातच तुमचा पुरावा आहे. सीटी स्कॅनवर ताजं रक्त पांढरं दिसतं, काही आठवड्यांचं काळपट. वैशाली, रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक सबड्युरल', म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली साठलेलं जुनं रक्त, असं आहे का बघ. असेल तर आदल्या दिवशी बाथरूममध्ये पडल्याने ते होत नाही.

केसपेपरवर खाडाखोड करायला कुणालाही सांगू नका. आबा बोलू लागले की सर्जननी त्यांच्याच तोंडून हकीकत ऐकून, त्या दिवशीच्या तारखेने वेगळी नोंद करावी, आणि डिस्चार्ज कार्डवर अपघाताची तारीख यावी. पट्टी बांधली त्या डॉक्टरांची चिठ्ठी शोधा. त्यावरची धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख लाखमोलाची.

—

सुनंदा:

अनघाने सांगितलं ते सगळं करा. सोबत पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद, उशीर का झाला त्याच्या कारणासकट, आणि प्रतीवर आवक शिक्का. घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की केवळ उशिरा फिर्याद दिली म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही. काकांनी 'बाथरूम' का सांगितलं ते त्यांनी शपथपत्रावर खरं सांगावं. भीतीपोटी असं सांगणारे नातेवाईक न्यायाधीशांनी पाहिलेले असतात. लपवलेलं मात्र उलटतपासणीत उघडं पडतं.

मिळालेल्या रकमेत टक्का मागणारा दवाखान्याबाहेर भेटला तर दूर ठेवा. वकिलाला असा हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

—

मिलिंद:

ताई, मुदतीचं बरं झालं सांगितलंत. वैशाली, माझा मावसभाऊ बीडला आहे, ठाण्यात काकांसोबत जाईल. नंबर तुला वेगळा पाठवलाय.

—

वैशाली:

रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक' असंच आहे, डावीकडे. चिठ्ठी आईने गॅसच्या पासबुकात ठेवलेली सापडली, तारीख स्पष्ट आहे, फोटो काढून घेतला. काकांशी बोलले. ते आधी चिडले, "गावात राहायचं आम्हाला आहे," म्हणाले, ते खरंही आहे. मग पॉलिसीचं सांगितल्यावर ट्रॅक्टरवाल्याला घरी बोलावलंय. सही थांबली. मिलिंददादा, तुमच्या भावाला उद्या दहा वाजता गेवराई स्टँडवर यायला सांगाल का? आणि बीडला अशी कामं करणारे वकील कुणाच्या ओळखीत असतील तर मला एकटीला मेल करा.

—

श्रीकांत:

वैशाली, नमुना तरी पाठवून ठेवतो. प्रशांत, आमच्या घराचे हॉलचे पैसे गेल्या आठवड्यातच आलेत, यादीत नाव दिसत नाही, बघशील का.